शब्दचर्चा : ‘जेवण जात नाही’ म्हणजे नेमकं काय?

ओवी :
अन्ननलिका आणि जठर यांच्या हालचालींतल्या बिघाडांवर मराठीत एक माहितीपत्रक लिहिते आहे, रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. डॉक्टर या गटाला ‘मोटिलिटी डिसऑर्डर’ म्हणतात. यांत गाठ नसते, व्रण नसतो, दुर्बिणीतून पाहिलं तर पुष्कळदा सगळं ठीकच दिसतं. पण अन्न ज्या वेगानं आणि ज्या क्रमानं पुढे सरकायला हवं तसं ते सरकत नाही.

अडलेले शब्द असे : मोटिलिटी, पेरिस्टाल्सिस, स्फिंक्टर, ॲकॅलेशिया, गॅस्ट्रोपॅरेसिस. सध्या कच्च्या खर्ड्यात त्यांना अनुक्रमे ‘गतिशीलता’, ‘क्रमाकुंचन’, ‘झडप’, ‘अन्ननलिकेची आकडी’ आणि ‘जठराचा लकवा’ असं लिहिलं आहे. यांतलं काय ठेवावं? शिवाय लक्षणांची एक प्रश्नावली सोबत द्यायची आहे. संशोधनात अशा प्रश्नावल्यांच्या उत्तरांवरूनच औषध लागू पडलं की नाही हे ठरतं. त्यामुळे तिथे शब्द चुकला तर उत्तरही चुकणार.

केवडा :
‘गतिशीलता’ नको. वंध्यत्वाच्या दवाखान्यांतल्या अहवालांत शुक्रजंतूंच्या मोटिलिटीला हा शब्द वापरतात आणि तिथे तो बरोबर आहे, कारण शुक्रजंतू स्वतः पोहतो. अन्ननलिका जागची हलत नाही. तिच्या भिंती हलतात आणि आतला घास सरकतो. मराठीत यासाठी ‘चलनवलन’ हा घरातला शब्द आहे. पडल्यावर ‘हाताचं चलनवलन नीट आहे ना?’ असं आजीसुद्धा विचारते. ‘पचनमार्गाचं चलनवलन बिघडणे’ हे कुणालाही समजेल.

‘क्रमाकुंचन’ आणि ‘क्रमसंकोच’ हे दोन्ही शब्द पुस्तकांत दिसतात. मला त्यांत एक उणीव जाणवते. १८९९ साली बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी आतड्यावर प्रयोग करून दाखवलं की आतल्या पदार्थाच्या मागचा भाग आवळतो आणि त्याच वेळी पुढचा भाग सैल पडतो. म्हणजे पुढे जागा झाल्याशिवाय मागून ढकलून उपयोग नाही. ‘आकुंचन’ आणि ‘संकोच’ यांत आवळणं आलं, सैल पडणं राहिलं. माहितीपत्रकात मी सरळ ‘लहर’ म्हणेन : गिळल्यावर अन्ननलिकेत वरून खाली एक लहर जाते. कंसात पुस्तकी शब्द एकदाच द्यावा.

आणि एक. या विकारांत पचनमार्गाला चालना देणारी औषधं देतात, डोमपेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड वगैरे. त्यांना चुकूनही ‘सारक’ म्हणू नका. व्युत्पत्तीनं ते बरोबर वाटेल, पण मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे लगेच एरंडेल येतं.

तांबडी माती :
पोटविकारांच्या विभागात काम करते म्हणून ॲकॅलेशियावर थोडं सविस्तर लिहिते. ओवीताई, ‘आकडी’ हा शब्द मात्र काढाच. या आजाराच्या नावाच्या बदलात त्याच्या संशोधनाचा इतिहास आहे आणि ‘आकडी’ आपल्याला मागे नेते.

१६७४ मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी अशा एका रुग्णाची हकिगत लिहून ठेवली. खाल्लेलं खाली उतरेना, म्हणून त्यांनी देवमाशाच्या हाडाच्या पट्टीला स्पंज बांधून ती घशातून खाली सरकवून वाट मोकळी करायला शिकवलं. आज फुगा घालून ते तोंड रुंदावतात, त्यामागचं तत्त्व हेच. पुढे एकोणिसाव्या शतकात या आजाराला ‘कार्डिओस्पाझम’ म्हणू लागले. जठराच्या वरच्या तोंडाला कार्डिया म्हणतात. तिथे पेटका येतो, स्नायू गच्च आवळतो, अशी तेव्हाची समजूत होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत आर्थर हर्स्ट यांनी ‘ॲकॅलेशिया’ हा शब्द रूढ केला. ग्रीक भाषेत ‘अ’ म्हणजे न, आणि ‘खालासिस’ म्हणजे सैल होणं. पेटका येत नाही, सैल पडण्याची आज्ञाच पोचत नाही, हा त्यातला मुद्दा. नंतर तो पटला. अन्ननलिकेच्या भिंतीतल्या मज्जातंतूंच्या जाळ्यातल्या ज्या पेशी नायट्रिक ऑक्साइडसारख्या द्रव्यांनी स्नायूला सैल करतात, त्याच या आजारात नष्ट होतात. त्या का नष्ट होतात याचं पक्कं उत्तर अजून नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते असा दाट संशय आहे. दक्षिण अमेरिकेत मात्र चागास आजाराचे परजीवी हेच काम करतात आणि तिथे असे रुग्ण बरेच सापडतात.

म्हणून संस्कृतातून शब्द घडवायचाच तर ‘अशिथिलता’ चांगला. ग्रीक शब्दाची घडण आणि अर्थ दोन्ही त्यात येतात. रुग्णाशी बोलताना मी म्हणते, ‘अन्ननलिकेचं खालचं तोंड वेळेवर उघडत नाही आणि वरून येणारी लहरही मेली आहे.’ हा दुसरा अर्धा भाग सांगायलाच हवा, कारण तो राहिला की लोकांना वाटतं तोंड उघडलं की सगळं पूर्ववत होईल. तोंड उघडता येतं. १९१३ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट हेलर यांनी स्नायू बाहेरून कापायची शस्त्रक्रिया केली. २००८ मध्ये जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी तोच स्नायू तोंडावाटे दुर्बीण घालून, अन्ननलिकेच्या अस्तराखालून बोगदा करत जाऊन कापला. या पद्धतीला ‘पोएम’ म्हणतात आणि भारतातल्या मोठ्या केंद्रांत ती नेहमी होते. पण गेलेली लहर यातल्या कशानंच परत येत नाही. उभं-बसलेलं असताना अन्न स्वतःच्या वजनानं उतरतं, म्हणून जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, हे रुग्णाला जन्मभर पाळावं लागतं.

केवडा :
‘लहर मेली आहे’ हे फार चांगलं आहे. तसंच ठेवा.

स्फिंक्टरला ‘झडप’ म्हणायला माझी हरकत आहे. झडप म्हणजे एक पडदा, एका बाजूनं ढकलला की उघडणारा. इथे पडदा नाही, स्नायूचं वळं आहे. बटव्याचं तोंड दोरी ओढली की चहूबाजूंनी मिटतं, तसं ते मिटतं. ‘कडं’ म्हणा. कडं आवळलेलं राहतं, कडं सैल पडतं, कडं ढिलं झालं की आम्ल वर येतं. एकाच शब्दावर ॲकॅलेशियाही समजावता येतो आणि आम्लाचा त्रासही.

सांगलीकर :
मी डॉक्टर नाही, भाषेचा अभ्यासकही नाही. माझ्या आत्याला हाच आजार होता, म्हणून लिहितो. तिच्यावर कित्येक वर्षं पित्ताचे उपचार झाले. ती सांगायची, ‘जेवण जात नाही.’ ऐकणारे समजायचे भूक मेली आहे, मन लागत नाही, काकांना जाऊन वर्ष झालं नव्हतं. तिला भूक सडकून लागायची. घास छातीत बसायचा. ती दोन घासांमध्ये पाणी पिऊन तो ढकलायची, कधी उभी राहून हात वर करायची. रात्री उशीवर दुपारचा भात जसाच्या तसा पडायचा. घरात यालाही ‘उलटी’ म्हणायचे, आणि दवाखान्यात तेच सांगितलं जायचं.

ओवीताई, ‘जेवण जात नाही’ या तीन शब्दांचं काही करता आलं तर बघा.

तांबडी माती :
सांगलीकर, तुम्ही लिहिलंत ते या विकारांतलं सर्वांत महत्त्वाचं. ॲकॅलेशियाचे रुग्ण वर्षानुवर्षं पित्त म्हणून औषधं घेत राहतात, हे जगभर नोंदलं गेलं आहे. वर्षाला लाखात साधारण एकाला होणारा आजार असल्यामुळे तो चटकन कुणाच्या मनात येत नाही. आणि आपल्याकडे ‘पित्त’ या शब्दात तर छातीतली जळजळ, अर्धशिशी आणि अंगावर उठणाऱ्या गांध्या असं सगळंच मावतं.

‘जेवण जात नाही’ची मी तरी तीन दारं पाहते. एक, जेवावंसंच वाटत नाही : अन्नावरची वासना उडाली आहे. दोन, बसतात जेवायला, पण चार घासांत पोट भरतं. इथे जठराचा विचार करायचा. तीन, भूक आहे, घासही घेतला, पण तो उतरत नाही. ही अन्ननलिका. तिसऱ्यातही पुढे विचारायचं. ठसका लागतो का, नाकातून पाणी येतं का? येत असेल तर अडचण घशात आहे, मेंदूच्या किंवा नसांच्या आजारात असं होतं. आपण त्याला ‘घास लागणे’ म्हणतो. ‘घास अडकणे’ म्हणजे गिळून झाल्यावर छातीत थांबणे. मराठीत हा फरक केव्हाचा आहे.

आणि शेवटचा प्रश्न : ‘पाणीसुद्धा अडकतं का?’ आधी भाकरी अडकू लागली, मग भात, मग पेज, असं चढत गेलं तर वाट अरुंद होते आहे. तिथे कर्करोगाची शंका आधी फेडायची, एक दिवसही दवडायचा नाही. पहिल्यापासून पाणी आणि भाकरी दोन्ही अडकत असतील तर चलनवलनाचा दोष असू शकतो. तरी दुर्बिणीची तपासणी दोन्हींत लागतेच.

‘उलटी’बद्दलही तसंच. उलटीत मळमळ असते, पोट आवळतं, आंबट-कडू चव येते. आत्याबाईंचा भात जठरात पोचलाच नव्हता, म्हणून तो आंबला नव्हता. वर आलेल्याची चव कशी असते, एवढं विचारलं तरी वाट बदलते.

परिचारिका :
दाब मोजण्याच्या खोलीत, म्हणजे मॅनोमेट्रीला मी असते. ‘दाबमापन’ हा शब्द माहितीपत्रकात असू द्या, पण सोबत ‘मॅनोमेट्री’ही असू द्या, कारण चिठ्ठीवर तेच लिहिलेलं असतं आणि माणूस तोच शब्द विचारत मजल्यामजल्यावर फिरतो.

माझा शब्द आहे ‘आवंढा’. नाकातून एक बारीक नळी जठरापर्यंत घालतात, तिच्यावर सेंटिमीटर-सेंटिमीटरवर दाब टिपणारी ठिकाणं असतात. मग पाच-पाच मिलिलिटर पाण्याचे घोट देऊन गिळायला सांगतात, निजवून दहा आणि बसवून पाच. प्रत्येक घोट एकदाच गिळायचा, मग पुढच्या घोटापर्यंत अर्धा मिनिट गिळायचं नाही. ‘आता गिळू नका’ म्हटलं की लोक मान हलवतात आणि पाच सेकंदांत गिळतात, कारण तोंडात लाळ जमते आणि आपण लाळ ‘गिळतो’ असं कुणाच्या मनातच नसतं. ‘आवंढासुद्धा गिळू नका’ म्हटलं की जमतं. रडू दाबताना जो गिळतो तो आवंढा. सगळ्यांना माहीत आहे, खेड्यातल्यांना आणि शहरातल्यांनाही.

हे महत्त्वाचं अशासाठी की दुसऱ्यांदा गिळलं की पहिली लहर वाटेतच थांबते. निरोगी माणसातसुद्धा. मग आलेख बिघडलेला दिसतो आणि तो घोट मोजता येत नाही.

तांबडी माती :
अगदी बरोबर. अन्ननलिकेच्या विकारांची आज जी वर्गवारी वापरतात, शिकागो वर्गीकरण, तिची चौथी आवृत्ती २०२१ ची, ती सगळी या रंगीत आलेखांवर उभी आहे. ॲकॅलेशियाचे तीन प्रकारही त्यावरच ठरतात, आणि कुणाला कोणता उपाय लागू पडेल याचा अंदाज त्या प्रकारावरून येतो.

अश्वत्थ :
आयुर्वेदाचा पदवीधर आहे. दोन शब्द सुचवतो. आम्ल वर येण्याच्या त्रासाला ‘उदावर्त’, आणि जठराच्या लकव्याला ‘अग्निमांद्य’. आपल्याकडे तयार शब्द असताना नवे कशाला घडवायचे?

तांबडी माती :
अश्वत्थदादा, शब्द सुंदर आहेत, पण त्यांना त्यांचं घर आहे. उदावर्तात वायूची उलटी गती आहे हे खरं, मात्र त्याची कारणं वेगधारणाशी, म्हणजे मलमूत्रादी वेग दाबण्याशी जोडलेली आहेत. चरकसंहितेत न दाबण्याचे तेरा वेग सांगितले आहेत, त्या मांडणीतला तो शब्द आहे. त्याच्या जागी आम्ल वर येण्याचा आजार बसवला तर दोन्ही शास्त्रांच्या वाचकांचा गोंधळ होईल. अग्निमांद्यात पचवण्याची शक्ती मंद होते. गॅस्ट्रोपॅरेसिसमध्ये जठराचं आम्ल आणि पाचक रस ठीक असतात, घुसळणं आणि पुढे सोडणं मंदावतं.

‘लकवा’ही नको. ग्रीक ‘पॅरेसिस’ म्हणजे दुबळेपण, पूर्ण लुळेपण नव्हे. मधुमेह जुना झालेल्या माणसाला ‘तुमच्या पोटाला लकवा मारला’ असं सांगितलं तर तो घरी जाऊन हातपाय हलवून बघत बसेल. निरोगी जठरात मिनिटाला साधारण तीन लहरी उठतात. त्यांचा ठेका धरणाऱ्या पेशी स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांच्या नावानं ओळखल्या जातात, आणि मधुमेहात त्या पेशी विरळ होतात असं दिसून आलं आहे. जेवण जठरातच रेंगाळलं की इन्सुलिन आधी काम करतं आणि साखर मागाहून येते. म्हणून जेवूनसुद्धा साखर उतरते, घाम फुटतो. रुग्णाला हे कळलं पाहिजे.

अश्वत्थ :
वेगधारणाचा मुद्दा मान्य. मग ‘जठरमांद्य’? घडण ओळखीची, आणि अग्नीऐवजी जठर म्हटल्यामुळे अर्थ वेगळा राहतो.

केवडा :
उत्तम. मला पटला.

ओवी :
‘जठरमांद्य’ घेतला. खाली स्पष्टीकरण : ‘जठर सावकाश रिकामं होणे.’ इथे मी मुद्दाम ‘पोट’ टाळलं आहे. ‘पोट रिकामं व्हायला वेळ लागतो का?’ असं शेजारच्या काकूंना विचारून पाहिलं, त्या म्हणाल्या, ‘हो ना, सकाळी दोनदा जावं लागतं.’ पोट साफ होण्याशी त्याची गाठ इतकी पक्की आहे. याच कारणानं तपासणीचं वर्णनही लांबलं : किरणोत्सारी द्रव्याचा अंश मिसळलेलं ठरावीक जेवण देतात, चार तास मधूनमधून चित्रं घेतात, आणि चार तासांनी दहा टक्क्यांहून जास्त अन्न जठरातच असेल तर जठरमांद्य आहे असं धरतात.

आता प्रश्नावली. जठरमांद्यासाठी संशोधनात वापरतात त्या लक्षणयादीत नऊ लक्षणं आहेत, गेल्या दोन आठवड्यांतली, शून्य ते पाच अशी तीव्रता. मळमळ सोपी. दुसरं लक्षण : उलटीसारखी कळ येते, पोट ढवळून वर येतं, पण बाहेर काही पडत नाही. यासाठी ‘उमासे’ लिहिलं आहे. कळेल ना?

परिचारिका :
कळेल. तरुण मुलांना कळलं नाही तर ‘कोरडे उमासे’ म्हणा. ‘उमाळे’ होऊ देऊ नका, टंकताना चूक होते. उमाळे मायेचे येतात.

ओवी :
मग तीन लक्षणं एकमेकांना खेटून आहेत : पोट भरल्यासारखं वाटणे, नेहमीएवढं जेवण संपवता न येणे, जेवल्यावर पोट प्रमाणाबाहेर भरल्यासारखं वाटणे. तिसऱ्याला ‘तडस लागणे’ लिहावंसं वाटतं, पण तडस लग्नाच्या पंगतीतसुद्धा लागते आणि ती तक्रार नसते.

सांगलीकर :
‘नेहमीचंच जेवून तडस लागल्यासारखं होतं का?’ असं विचारा.

ओवी :
वा, हे बसतं. सर्वांत अवघड शेवटची जोडी आहे. एक, पोट फुगल्यासारखं वाटणे. दोन, पोट फुगलेलं दिसणे. एक आतली जाणीव, दुसरं डोळ्यांना दिसणारं. आपण दोन्हींना ‘पोट फुगलंय’ म्हणतो आणि दोन्हींना ‘गॅस’ म्हणतो. इंग्रजी मूळ यादीत पहिल्यापुढे खुलासा आहे की कपडे सैल करावेसे वाटतात.

परिचारिका :
मग सोपं आहे. ‘नाडी सैल करावीशी वाटते का?’ साडी, पायजमा, सलवार, सगळ्यांना नाडी आहे. दुसऱ्यासाठी ‘पोट टम्म फुगलेलं दिसतं का?’ ‘टम्म’ म्हटलं की हात लावून बघण्याजोगं. ‘डब्ब’ नको, डब्ब म्हणजे जड वाटणंही होतं.

केवडा :
जाता जाता, चलनवलनाच्या एका गोष्टीला मराठीत फार जुनं नाव आहे. उपाशीपोटी दर दीड-दोन तासांनी जठरातून आतड्याकडे एक जोरकस लहर जाते आणि मागे राहिलेलं सगळं पुढे लोटते. तेव्हा गुरगुर ऐकू येते. ‘पोटात कावळे ओरडायला लागले’ ते बहुधा हेच. माहितीपत्रकात घालता येईल : कावळे ओरडणं हे पचनमार्ग निरोगी असल्याचं लक्षण आहे.

तांबडी माती :
‘निरोगी असल्याचं लक्षण’ इतकं ठाम नको. ‘यात काळजीचं काही नाही’ एवढंच लिहा.

ओवी :
तसंच लिहिते. एक शेवटचा शब्द राहिला. जेवल्यावर काही मिनिटांतच अन्न विनासायास तोंडात परत येतं, माणूस ते पुन्हा चावून गिळतो. इंग्रजी नावाचा अर्थ सरळ ‘रवंथ’ आहे. पण आपल्याकडे रवंथ गुरं करतात. कुणाच्या मुलीच्या कागदावर तो शब्द लिहावा का?

तांबडी माती :
कागदावर नको. हा त्रास किशोरवयीन मुलामुलींना होतो, आधीच त्यांना शाळेत डबा खायला बसायची लाज वाटत असते. तपासताना मी विचारते, ‘वर आलेलं परत चावून गिळता का?’ आणि उत्तर ‘हो’ आलं की नाव न घेता पुढचं सांगते. पोटानं श्वास घ्यायला शिकवलं की बऱ्याच जणांचं थांबतं. शीर्षक हवंच असेल तर ‘खाल्लेलं परत तोंडात येणे’.

परिचारिका :
‘गुळणी’ म्हणा. बाळ दूध प्यायल्यावर गुळणी टाकतं त्याला कुणी नावं ठेवत नाही.

ओवी :
‘जेवणानंतर गुळणी येणे.’ हेच शीर्षक करते. सुधारलेला खर्डा उद्या इथेच टाकते, सांगलीकर, पहिला प्रश्न ‘जेवण जात नाही’च्या तीन दारांचा असेल.